बूट होत नाही म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका



महिन्याची 10 तारीख होती. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-1 भरायची शेवटची मुदत. आमच्या बॅचमधल्या एका प्रिंटिंगवाल्याने सकाळी कॉम्प्युटर चालू केला, तर काळ्या स्क्रीनवर 'ग्रब रेस्क्यू' एवढंच आलं. घाबरून त्याने ओळखीच्या रिपेअरवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावं लागेल. मारलं. पाचशे रुपये घेतले. टॅलीचा तीन वर्षांचा डेटा आणि गिऱ्हाइकांच्या सगळ्या डिझाइन गेल्या.

त्याच्या विंडोजला काहीही झालेलं नव्हतं. मला वाईट वाटतं ते ह्याचंच.

झालं असं होतं. भाच्याने हौसेने विंडोजच्या शेजारी उबंटू टाकून दिलं होतं. ते कुणी वापरत नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी ह्याने जागा मोकळी करायला विंडोजमधूनच ते पार्टिशन डिलीट केलं. पण 'विंडोज की उबंटू?' असं सुरुवातीला विचारणारा ग्रब नावाचा छोटा प्रोग्राम दोन ठिकाणी असतो. थोडा भाग बूटसाठी ठेवलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये, बाकीचा लिनक्सच्या पार्टिशनमध्ये. दुसरा भाग डिलीट झाला आणि पहिला त्याला शोधत बसला. दुकानाचा वॉचमन पळाला म्हणून आतला माल चोरीला गेला, असं होत नाही ना? तसंच हे.

त्याने मशीन चालू करताना बूट मेन्यूचं बटण दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडलं असतं, तर काम झालं असतं. डेल आणि लेनोव्होला हे बटण बहुतेक वेळा एफ12 असतं, एचपीला एफ9, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. आपल्या मशीनचं कुठलं, ते आजच बघून मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा.

उलटंही होतं. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मेन्यूच येत नाही, थेट विंडोज चालू होतं. तेव्हा लिनक्स गेलेलं नसतं, बायोसमधला क्रम बदललेला असतो. बूट ऑर्डरमध्ये उबंटू परत वर घ्या, झालं. लिनक्स टाकल्यावर मेन्यूत विंडोज दिसत नाही, हीही नेहमीची तक्रार. ग्रबच्या नव्या आवृत्तीत दुसरी सिस्टिम शोधायची सोय मुळात बंद ठेवलेली असते, ती सेटिंगमध्ये चालू करून मेन्यू पुन्हा बनवावा लागतो. ऑगस्ट 2024 मध्ये तर मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटमुळे दोन सिस्टिम असलेल्या अनेक मशीनवर लिनक्स चालू होईनासं झालं होतं. तिथेही डेटा जागच्या जागी होता.

खरी भीती बाळगायची ती बिटलॉकरची. बायोसमध्ये सिक्युअर बूट वगैरे हलवलं की विंडोज कधीकधी 48 आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतला डेटा तुमच्या हाती लागत नाही. ही की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते. पण अकाउंट कुणाचं? लॅपटॉप घेताना दुकानातल्या मुलानेच कुठल्या तरी ईमेलवर बनवून दिलेलं! आपला व्यवसाय, आपला डेटा, आणि किल्ली कुणाकडे ते आपल्याला ठाऊक नाही. म्हणून बायोसला हात लावायच्या आधी ही की काढा, कागदावर उतरवा आणि जीएसटीच्या फाइलमध्येच लावून ठेवा.

एवढं सगळं सांगून माझं मत विचाराल, तर ज्या मशीनवर बिलं बनतात तिथे दोन सिस्टिम ठेवूच नका. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, जुन्या मशीनवर 11 चालत नाही, म्हणून बरेच जण लिनक्सकडे वळताहेत. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण टॅलीसाठी विंडोज ठेवायचं आणि त्याच डिस्कचे तुकडे करून लिनक्स शिकायचं, हे गल्ल्यात हात घालून जादूचे प्रयोग करण्यासारखं आहे. शिकायला जुना पीसी घ्या, नाहीतर वेगळी एसएसडी लावा. शिवाय दोन्ही सिस्टिम घड्याळ वेगवेगळ्या पद्धतीने वाचतात. लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की वेळ साडेपाच तास मागे दिसू शकते. सकाळी 10 चं बिल पहाटे साडेचारचं! गिऱ्हाईक हसतं, ऑडिटवाला हसत नाही.

आणि तरीही अडकलातच, तर रिपेअरवाल्याला आधी एकच सांगा : "पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, माझा डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा, मग पुढचं बोलू." ह्या पद्धतीत काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आतल्या फायली दिसतात आणि कॉपी होतात. बिटलॉकर असेल तर इथेही ती की लागेलच. बायोसमध्ये डिस्कच दिसत नसेल किंवा ती टकटक वाजत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. मशीन बंद करा, पुन्हापुन्हा चालू करून बघू नका, डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

तो प्रिंटिंगवाला पुढे दोन महिने व्हॉट्सॲपवरून जुनी बिलं गोळा करत बसला होता. हल्ली दर शनिवारी टॅलीचा बॅकअप घेऊन डिस्क घरी नेतो.

पुढच्या व्हिडिओत असा पेनड्राइव्ह तुमच्यासमोर बनवून दाखवतो. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह हाताशी ठेवा. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे, लग्नाचे फोटो असलेला घेऊन बसू नका.