पाटी कुणाच्या नावाची?

सुरत-भुसावळ लोहमार्गावरच्या चलथाणला आपले खानदेशी लोक पुष्कळ. माझा भाचाही तिथलाच. चार वर्षे एका चावीवाल्याकडे कानस घासून तो काम शिकला. आता स्वतःचे दुकान काढायचे म्हणतो. एक कंपनी त्याला फ्रँचायझी देते आहे. नाव, पाटी आणि गणवेश त्यांचा. आपण द्यायचे दोन लाख रुपये आणि दरमहा विक्रीवर १० टक्के. ताई तर पाटल्या मोडायला निघाली. "मामा, घेऊ का?" असे त्याने मला विचारले.

आम्ही हिशेब मांडला. महिन्याला ४० हजारांची विक्री धरली तर रॉयल्टी ४ हजार, तिच्यावर १८ टक्के जीएसटीचे ७२०. टक्केवारी विक्रीवर आहे, नफ्यावर नाही. म्हणजे दुकानाचे भाडे सुटो न सुटो, हे ४,७२० द्यायचेच.

वाचकहो, अमेरिकेत फ्रँचायझी विकणाऱ्याला कराराच्या किमान १४ दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. तेव्हा खोदून विचारायचे ते आपणच. गाडीच्या चिपवाल्या किल्लीचे काम शिकवणार का? गिऱ्हाईक कोण आणणार? मध्येच सोडले तर पैसे किती परत? भाच्याने विचारले. शिकवण्याचे उत्तर आले, "ते नंतर पाहू."

नावाला किंमत असते, हे खरे. गोदरेजांनी १८९७ साली मुंबईत कुलपे करायला घेतली, ते नाव आजही चालते. पण ते नाव कुलपावरचे. रात्री दाराबाहेर अडकलेला माणूस कुलूप उघडायला ओळखीचाच कारागीर शोधतो. घराची किल्ली ज्याच्या हाती द्यायची, त्याच्यावर विश्वास हवा ना!

मी भाच्याला सांगितले, नवे काम शिकवणार असतील तर विचार कर. नुसती पाटी असेल तर "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा". २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत कुलूप-कारागीरही आहेत. पात्र ठरल्यास अवजारांसाठी १५ हजार आणि तारणाशिवाय १ लाखापर्यंतचे पहिले कर्ज ५ टक्के व्याजाने मिळते. पाटल्या मोडण्याआधी तिथे चौकशी करावी.

आणि या धंद्यातल्या प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी. दार उघडण्याआधी ओळखपत्र पाहावे, शेजाऱ्याला विचारावे, नाव-पत्ता लिहून सही घ्यावी. गावात नाव होते ते अशानेच, आणि त्यावर कुणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही.