पाठांतराला बक्षीस, युक्तिवादाला रजा

आपल्या बृहन्महाराष्ट्रातील मंडळांच्या वक्तृत्व स्पर्धांत बक्षीस मिळते ते बहुधा आईने लिहून दिलेल्या आणि मुलाने घोकलेल्या भाषणाला. शाळेतील सारांशलेखन त्याहूनही निर्जीव. उताऱ्याचा एक तृतीयांश करावयाचा, म्हणून विद्यार्थी विशेषणे गाळतो आणि उरलेली वाक्ये सांधतो. लेखकाला काय पटवून द्यावयाचे होते, हे दोन्हीकडे कोणी विचारीत नाही.

महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ घ्या. १८८३ साली सिद्ध झालेल्या या ग्रंथाचे सार जोतीरावांनी ग्रंथारंभीच मोजक्या चरणांत दिले आहे. ते आपल्या मुलांना मुखोद्गत असते. मात्र अविद्येपासून दैन्यापर्यंतच्या त्या साखळीत एका कडीतून दुसरी कशी निघते, असे विचारले की सभागृह शांत! खुद्द जोतीरावांनी हा मजकूर गावोगावी लोकांपुढे वाचून दाखविला होता. सयाजीराव महाराजांनी तो त्यांच्या तोंडून ऐकला, हे निदान बडोदेकरांना तरी स्मरावे.

मुलाने त्यातील एक प्रकरण वाचावे, पुस्तक मिटावे आणि ते न वाचलेल्या श्रोत्यापुढे दोन मिनिटे लेखकाची बाजू मांडावी. लष्कर व पोलीस शिपायांकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, ही फुल्यांची मागणी. ती गळी उतरवायची तर आधी काय सांगावे आणि काय सोडावे, हे समोरच्याचा चेहरा शिकवितो, शब्दसंख्या नव्हे. मग श्रोत्याने एवढेच विचारावे: “लेखक हे कशावरून म्हणतो?”

हे विक्रेत्याचे शिक्षण झाले, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. एखादा मुलगा भटशाहीवरील कोरडे तेवढे उचलील आणि बंधारे विसरेल. दुसरा, घरी रुचणार नाहीत म्हणून, नेमके ते कोरडेच गाळील. आपल्या जुन्या घराण्यांत हा दुसरा धोका अधिक. यास्तव परीक्षकाच्या हाती मूळ पुस्तक असावे, आणि लेखकाचे मत बोथट करणाऱ्याचे गुण भडक करणाऱ्याइतकेच कापावेत.

आपली मुले मराठीत जेवण मागतात. वाद घालावयाची वेळ आली की हिंदीत, गुजरातीत वा इंग्रजीत शिरतात. त्यांना मराठीत वाद घालावयास आपण कधी उभे केले? मंडळांनी पुढील स्पर्धेच्या गुणपत्रकातून ‘पाठांतर’ हा रकाना काढावा आणि त्या जागी श्रोत्याच्या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचे गुण ठेवावेत.