जुनी कथा, नवा वेश

दौंडकडून सिद्धटेकच्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला जाणाऱ्या यात्रेकरूंना पूर्वी शिरापूरजवळ नावेतून भीमा ओलांडावी लागे. आता तेथे पूल झाला आहे. वाट बदलली, परंतु पैलतीरावरचे देऊळ होते तेथेच आहे. जुन्या कथांचेही असेच असते काय? त्यांच्याकडे नेणारी वाट बदलली, तरी त्या आपल्या जागी अढळ राहतात काय?

सिद्धटेकची कथा सर्वश्रुत आहे. मधु व कैटभ या दैत्यांशी विष्णूने दीर्घकाळ युद्ध केले. पण त्याला यश येईना. शेवटी त्याने गणेशाची आराधना केली, तेव्हाच दैत्यांचा वध झाला. शिरूर तालुक्यातील रांजणगावची कथा तर हिची सख्खी बहीणच शोभावी. त्रिपुरासुरावर चालून गेलेल्या शंकरालाही गणेशाचे स्तवन केल्यावाचून जय मिळाला नाही.

आज रांजणगावच्या परिसरात औद्योगिक वसाहत उभी आहे. तेथील मुलांनी स्नेहसंमेलनात ही कथा आजच्या काळात आणून दाखवावयाची ठरविली, तर कोणी म्हणेल, “पुराणकथेला हात लावू नये, तिचे पावित्र्य जाते.” दुसरा म्हणेल, “रथ आणि धनुष्यबाण आता कोणाला हवेत? सारेच नवे करा.” या दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे, पण पूर्ण सत्य एकातही नाही.

कथांना नवा वेश देणे ही काही आजचीच चाल नव्हे. दौंडच्या शेजारच्या बारामतीत राहणाऱ्या मोरोपंतांनी एकाच रामकथेवर नाना तऱ्हेची रामायणे रचली. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आले. उन्मत्त कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि द्रौपदीत पारतंत्र्यातील मायभूमी. सरकारलाही तो अर्थ उमगला व १९१० साली नाटकावर बंदी आली. १९५५ साली ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले आणि रामकथा रेडिओच्या वाटेने घरोघरी गेली. कथेला हात लावणे हेच पाप असते, तर ही सारी रचना आपल्याला लाभलीच नसती.

मग मर्यादा कोठे आहे? कथेत काही भाग वेशाचा असतो, काही प्राणाचा. रांजणगावच्या कथेत शंकराच्या हाती धनुष्याऐवजी अधिक संहारक क्षेपणास्त्र दिले आणि त्याच्या बळावर त्याला विजय मिळवून दिला, तर कथा आधुनिक दिसेल खरी. पण ती मरेल. कारण केवळ सामर्थ्य पुरे पडत नाही, हेच तर मूळ कथा सांगते. उलट, एखादा कुशल अभियंता यंत्रांच्या भरवशावर दूषित झालेली भीमा एकट्याने स्वच्छ करू पाहतो व हरतो. मग नम्र होऊन तीरावरच्या गावकऱ्यांकडे जातो, त्यांना हात जोडतो आणि त्यांच्या साहाय्याने यशस्वी होतो, असे दाखविले तर? तेथे रथ नाही, असुर नाही. तरी कथेचा प्राण शाबूत आहे. ‘कीचकवध’ही याच कारणाने प्रभावी ठरले. भर सभेत अबलेचा अपमान होतो आणि थोर माणसे मूग गिळून बसतात, हे महाभारतातील शल्य खाडिलकरांनी तसेच ठेवले होते.

तथापि एक गोष्ट मान्य केली पाहिजे. अभियंत्याच्या कथेतून गणेश नाहीसा झाला, म्हणजे भाविकाच्या दृष्टीने फार मोठे काही गेले. ही हानी लहान नव्हे. म्हणून नवी कथा जुनीच्या जागी बसवू नये, तिच्या शेजारी बसवावी. ज्याला जुनी कथा नवीन करून सांगावयाची आहे, त्याने आधी ती आजीच्या तोंडून, कीर्तनकाराच्या मुखातून किंवा ग्रंथातून नीट समजून घ्यावी. जे ठाऊकच नाही, त्यात बदल करणे म्हणजे सुधारणा नव्हे, मोडतोड होय.

कथा आपोआप अमर होत नाहीत. ज्या कोणी सांगत नाही, त्या विस्मृतीत जातात. ज्या हव्या तशा वाकविल्या जातात, त्यांचे केवळ नाव उरते. समजून ऐकणारा आणि जाणून सांगणारा जोवर आहे, तोवरच त्या जगतात. नदीवर पूल अवश्य बांधावा. पण तो देवळापर्यंत पोहोचतो आहे ना, हे पाहावे.