क्रोमबुक घ्यावे का? आधी ‘आपले मराठी’ कोणते ते ठरवा

शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले की सीमाभागातील शाळा सुधारणा समित्या, वाचनालये आणि युवक मंडळे यांच्यापुढे एक प्रश्न येतो. देणगीतून जमलेल्या तुटपुंज्या रकमेत मुलांसाठी संगणक घ्यायचे असतात. दुकानदार स्वस्त क्रोमबुक सुचवतो आणि बैठकीत कोणीतरी विचारते, ‘पण त्यात आपले मराठी चालेल का?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर केवळ त्या यंत्रात शोधून सापडणार नाही. ‘आपले मराठी’ म्हणजे संगणकावरचे कोणते मराठी, हे आधी ठरवावे लागेल.

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोम ओएस या प्रणालीवर चालणारा लॅपटॉप. 2011 साली तो प्रथम विक्रीस आला. त्यात जवळजवळ सर्व कामे ब्राउझरमध्ये होतात. लेखन, पत्रव्यवहार, हिशेब, वाचन सारे तिथेच. स्वस्त यंत्रांत साठवण बहुधा 32 किंवा 64 जीबी एवढीच असते, कारण कागदपत्रे आंतरजालावरील खात्यात ठेवली जातील असे त्यात गृहीत धरलेले आहे. यंत्र चटकन सुरू होते आणि विषाणूंची कटकट फारशी नसते. पण विंडोजसाठी तयार केलेली सॉफ्टवेअर त्यात थेट बसवता येत नाहीत. आपल्या दृष्टीने कळीचा मुद्दा तो हाच.

संगणकावर मराठी दोन प्रकारे नांदत आली आहे. पहिला प्रकार डीटीपीच्या जुन्या फॉन्टांचा. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या आधारे विंडोजवर आपण वर्षानुवर्षे लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक आणि निवेदने जुळवली. त्या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी साठवली जाते ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची माळ. तिच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवण्याचे काम फॉन्ट करतो. फॉन्ट नसेल तर मजकुराचा अगम्य चिन्हगोंधळ होतो. दुसरा प्रकार युनिकोडचा. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीच्या अक्षरांना त्यात स्वतःचे क्रमांक आहेत. इथे ‘क’ हा जगातल्या कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. तो शोधता येतो, अकारविल्हे लावता येतो आणि यंत्राकडून मोठ्याने वाचून घेता येतो.

क्रोमबुक यांपैकी दुसऱ्या मराठीचे स्वागत करते आणि पहिलीला दारातच अडवते. त्यामुळे जिथे पत्रिका आणि अंकांची जुळणी जुन्या सॉफ्टवेअरवर होते, त्या डीटीपीच्या टेबलासाठी क्रोमबुक घेऊ नये. तिथे विंडोजचा संगणक अजून काही काळ लागेल. ही अडचण एकट्या मराठीची नाही. कर्नाटकातील कार्यालयांत रुळलेले कन्नडचे ‘नुडी’ हेही विंडोजवरचेच सॉफ्टवेअर आहे.

विद्यार्थी, शिक्षक, लेखक आणि वाचनालय यांची गोष्ट निराळी. त्यांना लागते ते बहुतेक सारे युनिकोडमध्ये आंतरजालावर उपलब्ध आहे. मराठी विश्वकोश तिथे आहे, 2003 पासून वाढत असलेला मराठी विकिपीडिया आहे, मोल्सवर्थचा कोश शोधण्याच्या सोयीसह आहे. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या मुलांना आपली पाठ्यपुस्तके पीडीएफ रूपात वाचता येतात. ज्या गावात मराठी पुस्तकांचे दुकान नाही, तिथल्या मुलाच्या हाती हे भांडार येणे लहानसहान गोष्ट नव्हे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे वाढणाऱ्या मराठी मुलांनाही हे तितकेच लागू आहे.

टंकनाविषयीची शंका मात्र दुकानातच फेडून घ्यावी. दुकानदाराच्या ‘हो’वर विसंबू नये. कळफलकाच्या सेटिंगमध्ये देवनागरी निवडावी आणि ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’, ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे शब्द स्वतः टंकून पाहावेत. गुरू आणि स्वयंपाकी, समुद्र आणि खोरी यांतला भेद मराठी ज्या ‘ऱ्य’ने दाखवते, तो हिंदीपुरत्या बेतलेल्या टंकनसोयीत अनेकदा हरवतो. ‘कऱ्हाड’, ‘वाङ्मय’, ‘ॲड.’ आणि ‘बाळ’ हेही लिहून पाहावेत.

मुलांना शिकवायचेच असेल तर इनस्क्रिप्ट शिकवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. रोमन लिपीत ‘आय’ लिहून ‘आई’ उमटण्याची वाट पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे आधी रोमन अक्षर येते, मग मराठी. इनस्क्रिप्टमध्ये तसे होत नाही. शिवाय भारतीय लिपींसाठी त्याची रचना एकच आहे: ज्या कळेवर मराठी ‘क’ असतो, त्याच कळेवर कन्नड ‘क’ही असतो. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलाला दोन्ही भाषा लिहाव्या लागतात. एकदा बोटांना वळण लागले की दोन्ही लिपी हाताशी येतात. आपला विरोध कन्नड भाषेला कधीच नव्हता, तो तिच्या सक्तीला आहे. म्हणून हा लाभ घेण्यात संकोच नसावा.

उणिवाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. खानापूर तालुक्यातील जंगलाकडच्या वाड्यांवर नेटवर्क येते-जाते. गूगल डॉक्समध्ये नेटविना लिहिता येते. पण ती सोय नेट असतानाच चालू करून ठेवावी लागते. दुसरे म्हणजे प्रत्येक क्रोमबुकला अद्ययावतीकरणाची अंतिम तारीख असते. 2021 पासून आलेल्या यंत्रांना दहा वर्षे अद्ययावतीकरण मिळेल असे गूगलने 2023 मध्ये जाहीर केले. पण ही दहा वर्षे आपल्या खरेदीपासून नव्हे, तर ते मूळ यंत्र प्रथम बाजारात आल्यापासून मोजली जातात. सवलतीत मिळणारा जुना नमुना म्हणजे अर्धे आयुष्य सरलेला बैल असू शकतो. पैसे देण्यापूर्वी ती तारीख पाहावीच.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. क्रोमबुकवर लिहिलेले सारे एका कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि मोफत जागा 15 जीबीच असते. संस्थेचे लेखन एखाद्या कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यात राहिले, तर तो बाजूला झाल्यावर दप्तरही त्याच्याबरोबर जाईल. खाते संस्थेच्या नावाचे असावे, परवलीचा शब्द किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा आणि दर महिन्याला सर्व कागदपत्रांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी.

तेव्हा माझा कौल असा: मुलांसाठी, शिक्षकांसाठी आणि वाचनालयाच्या वाचनमेजासाठी क्रोमबुक अवश्य घ्यावे; छपाईच्या जुळणीसाठी घेऊ नये. आणि खरेदीत जे पैसे वाचतील, त्यांतील काही भाग जुन्या फॉन्टांत अडकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी बाजूला काढावा. त्यासाठी रूपांतरक उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर जोडाक्षरे तपासणारे जाणते डोळे मात्र आपल्यालाच पुरवावे लागतील. 1956 पासून चाललेल्या या लढ्याची कितीतरी निवेदने, ठराव आणि स्मरणिका जुन्या संगणकांत चिन्हांच्या ढिगाऱ्याखाली पडून आहेत. न्यायालयात आणि जनतेसमोर आपण मराठीचा पुरावा मांडतो. तो पुरावा आपल्याच नातवंडांना उघडून वाचता येत नसेल, तर त्याचा दोष कोणत्याही सरकारला देता येणार नाही.