परदेशगमनापूर्वींची धास्ती

परदेशीं शिक्षणास जाण्याचा दिवस जवळ आला म्हणजे कित्येक मुलांची भूक मंदावते, झोप उडते; आणि हें कोणास सांगावें तर लोक भित्रा म्हणतील अशी लाज वाटते. ही लाज अनाठायीं आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचें उदाहरण पाहावें. १८८३ सालीं वैद्यकीच्या अभ्यासासाठीं अमेरिकेस जाण्यापूर्वीं बंगालमधील श्रीरामपूर येथें त्यांनीं जाहीर भाषण केलें. एकटी कां जातां, परत आल्यावर समाज वाळींत टाकील त्याचें काय, संकट ओढवलें तर काय कराल, हे लोकांचे प्रश्न त्यांनीं स्वतःच मांडिले व एकेकाचें उत्तर दिलें. धास्ती अशीच हाताळावी. मोघम असते तोंवर ती डोंगराएवढी वाटते. एकेक कलम कागदावर उतरविलें कीं पुष्कळांस उपाय सांपडतो.

परंतु धैर्य म्हणजे प्रकृतीची हेळसांड नव्हे. आनंदीबाईंनीं १८८६ सालीं पदवी मिळविली. पण तेथील थंडी व अपरिचित आहार त्यांस सोसला नाहीं, आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें क्षयानें त्यांचा अंत झाला. म्हणून ऊबदार कपडे, जेवणखाण, आजारपणांत कोणाकडे जावें, याची व्यवस्था आधींच व्हावी.

पालकांस आमची विनंती आहे कीं, मुलानें भीति बोलून दाखविली असतां "मग जाऊं नकोस" असें म्हणूं नये, आणि "एवढा खर्च केला" असेंही म्हणूं नये. शेजारीं बसून ऐकावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तेथें गेल्यावर घरची आठवण येईलच. ती लपवूं नका, घरीं मोकळेपणानें कळवा.