गव्हाणीतला आनंद

डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईच्या हवेत किंचित गारवा उतरला, की वांद्र्याच्या गावठाणापासून वसईच्या गावांपर्यंत घराघरांच्या दारांवर कागदी तारे लुकलुकू लागतात. नाताळ आला, हे कोणी सांगावे लागत नाही. हा शब्द पोर्तुगिजांकडून आला; परंतु मराठीने तो इतका आपलासा केला आहे, की तो कधी काळी परका होता याची आज कोणास आठवणही होत नाही. जन्म हा त्याच्या मुळाशी असलेला अर्थ. आणि ज्या जन्माचा हा उत्सव, तो राजवाड्यात झाला नाही. बालकाला निजवावयास गुरांची गव्हाण मिळाली, असे ती कथा सांगते. ज्या सणाच्या मुळाशीच एवढी साधी वस्तू आहे, त्याचा आनंद अलीकडे भव्यतेत आणि झगमगाटात शोधला जाऊ लागला आहे. म्हणूनच याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शहरातील मॉलमध्ये या दिवसांत कित्येक मजले उंच अशी कृत्रिम झाडे उभी राहतात. कापसाचा बर्फ पसरतो. माणसे त्यापुढे उभी राहून छायाचित्र काढतात आणि पुढच्या दुकानाकडे वळतात. बाजाराने सण सजवू नये असे आमचे म्हणणे नाही. दुकानदारालाही सण असतो. परंतु विकत घेतलेल्या आनंदाचा एक दोष असा, की दुसऱ्याने त्याहून महाग आनंद घेतल्याचे दिसताच तो फिका पडतो. हातातल्या फोनवर इतरांच्या मेजवान्यांची चित्रे पाहता पाहता आपल्या घरचा नाताळ उणा वाटू लागावा, ही आजच्या सुशिक्षित कुटुंबांची नित्याची व्यथा झाली आहे. ज्या घरातील एखादी खुर्ची यंदा रिकामी झाली असेल, त्या घराला तर हा गजबजाट क्रूरच वाटत असला पाहिजे.

वास्तविक या सणाचा खरा ठेवा त्याच्या तयारीत आहे. कुलकुल करावयाचे म्हणजे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. पीठ मळून त्याच्या इवल्या गोळ्या करावयाच्या, काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या पाठीवर दाबून त्यांना वळी द्यावयाची, मग त्या तळून साखरेत घोळवावयाच्या. आजी, सुना, मुले, शेजारीण अशी चारसहा माणसे टेबलाभोवती बसल्याखेरीज तो ढीग संपत नाही. आणि तो संपेपर्यंत जुन्या गोष्टी निघतात, कोणाची तरी थट्टा होते, लहानग्याच्या वेड्यावाकड्या कुलकुलाचे कौतुक होते. नेवरी तर आपल्या करंजीची सख्खी बहीणच. तिच्या कडा मुडपताना जो गप्पांचा फड जमतो, तो बेकरीतून आणलेल्या डब्यात कोठून मिळणार?

गोठ्याची तयारी याहूनही मनोहर असते. नाताळच्या काही दिवस आधी वाटीत गहू किंवा नाचणी पेरतात, म्हणजे सणापर्यंत गोठ्यापुढे हिरवे शेत उभे राहते. ज्याने नवरात्रातील घटाचे रुजवण पाहिले आहे, त्याला ही गंमत उलगडून सांगावयास नको. रोज सकाळी उठून अंकुर किती वाढला हे पाहणाऱ्या मुलाचा जो आनंद, त्याला एक पैसाही पडत नाही. दारावरचा ताराही आकाशकंदिलाच्याच जातीचा: बांबूच्या कामट्या, खळ आणि रंगीत कागद.

या गोठ्याचा इतिहासही हेच शिकवतो. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी जन्माचा देखावा उभा केला, तेव्हा त्यांनी सोन्याचांदीची आरास मागवली नाही. गवत, बैल आणि गाढव एवढेच मागवले. त्या गोष्टीला आठशे वर्षे उलटून गेली, तरी तो गोठा घरोघरी उभा राहतो, याचे रहस्य त्याच्या साधेपणात आहे. चर्चच्या पंचांगातही नाताळपूर्वीचे चार रविवार प्रतीक्षेचे असतात आणि त्यांतील तिसरा आनंदाचा मानला जातो. त्या दिवशी अनेक ठिकाणी गुलाबी मेणबत्ती लावतात. आनंदाचा रविवार सण येण्यापूर्वीच यावा, ही योजना आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. वाट पाहणे हाही आनंदाचाच भाग आहे, हे ज्यांनी ओळखले त्यांनी मानवी मन चांगले जाणले होते, असेच म्हटले पाहिजे.

हे सारे आपल्याला दूरचे नाही. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. परंतु ख्रिस्तजन्माची कथा त्यांनी ‘क्रिस्तपुराणा’त मराठी ओवीत गायिली आणि तो ग्रंथ १६१६ मध्ये गोमंतकात छापला गेला. रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ‘ख्रिस्तायन’ रचावयास घेतले, आणि महाराष्ट्राने त्यांना फुलांमुलांचे कवी म्हणून ओळखले. लहान वस्तूंत मोठा आनंद पाहण्याची दृष्टी आपल्याच भाषेत अशी नांदत आली आहे.

मात्र एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. छोट्या क्षणांना पैसा लागत नसला, तरी वेळ लागतो. आणि तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. रुग्णालयातील परिचारिका, लोकलचा मोटरमन यांना सणाच्या दिवशीही कामावर राहावेच लागते. समाजाचा गाडा त्यांच्यावर चालतो. परंतु मध्यरात्रीच्या मिस्सेची घंटा होत असताना एखाद्या तरुणाने आपला केक घेऊन दुचाकीवरून धावत यावे, ही निकड कोणाची? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने त्याच्या कक्षेतील कामगारांना वर्षाकाठी आठ पगारी सुट्या दिल्या आहेत. त्यांपैकी चार राष्ट्रीय व राज्यदिनांच्या ठरलेल्या आणि उरलेल्या चार मालक व कामगार यांनी संमतीने ठरवावयाच्या. म्हणजे नाताळची सुटी मिळणे हे पुष्कळ अंशी मालकाच्या समजूतदारपणावर अवलंबून आहे. ज्यांच्या दुकानात ख्रिस्ती कामगार असतील त्यांनी ती मनापासून द्यावी, आणि ग्राहकांनीही त्या रात्रीची आपली खरेदी दुपारीच उरकावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्याची संध्याकाळ हिरावून घेऊन मिळवलेला आनंद अंगी लागत नाही.

चाळींतून आणि वाड्यांतून एक रीत होती. दिवाळीत फराळाचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाई आणि नाताळात रुमालाने झाकलेले ताट तिकडून येई. आलेले ताट रिकामे परत करावयाचे नाही, हा दोन्ही घरांचा नियम. आज टोलेजंग इमारतींत शेजारच्या दारावरील पाटीही आपण वाचलेली नसते आणि मिठाईचा खोका पहारेकऱ्याकडे ठेवून आपण मोकळे होतो. यंदा तो खोका स्वतः घेऊन जावे, बेल वाजवावी, पाच मिनिटे बसावे. जेथे दुःख असेल तेथे तर आवर्जून जावे. तेथे मोठ्या शुभेच्छांपेक्षा सोबतीने घेतलेला चहाचा एक पेला अधिक काम करतो.

गव्हाणीला जागा फारशी लागत नाही. घराच्या कोपऱ्यात ती सहज मावते. दिवसाच्या धावपळीतही तेवढा कोपरा आमच्या वाचकांना लाभो, आणि आपल्यासाठी राबणाऱ्यांनाही तो लाभू देण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, हीच नाताळनिमित्त आमची शुभकामना!