संगीतशिक्षकाची पात्रता आणि माळव्यातील मराठी

शाळेत संगीतशिक्षक नेमताना परीक्षेचे प्रमाणपत्र पाहिले जाते. उमेदवार कोणापाशी शिकला, त्याची पूर्वीची वृत्ती काय, आणि मुख्य म्हणजे तो कोणत्या भाषेत शिकविणार, या प्रश्नांना अर्जात रकाना नसतो. सीमाभागातील मराठी शाळांच्या मागण्यांत गणित-विज्ञानाच्या भाषेला जे स्थान आहे, तेच संगीताच्या तासाच्या भाषेला मिळाले पाहिजे, असे आमचे मत आहे. त्यासाठी धार-देवासकडे पाहावे.

ही पवारांची संस्थाने. अठराव्या शतकात मराठे सरदारांबरोबर मराठी माळव्यात गेली. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या एकाच गावात नांदल्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि मराठीचा दरबारी आधार सुटला. गाणे मात्र राहिले.

देवासचे रजब अली खाँ हे दरबारी गवई. वडील मंगलू खाँ यांची तालीम आणि बीनकार बंदे अली खाँ यांचे शिष्यत्व, एवढीच त्यांची पदवी. त्यांचे पुतणे अमानत खाँ यांच्याकडे पुढे लता मंगेशकर शिकल्या. १९४८ मध्येच आजारी कुमार गंधर्व देवासला राहावयास आले. जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घर कानडी, शालेय शिक्षण जवळजवळ नाहीच. पण मुंबईत प्रा. बा. र. देवधरांच्या शाळेत ते शिकले आणि विशीच्या आतच तेथे शिकवूही लागले. देवधर मिरजेचे, विष्णु दिगंबरांचे शिष्य, पदवीधर, पाश्चात्त्य संगीताचेही अभ्यासक. त्यांनी थोर गायक-वादकांविषयी लिहिले ते मराठीत. दरबारी गवई, पदवीधर अध्यापक आणि शाळा न शिकलेला तरुण, असे हे तिघे. आजच्या अर्जाच्या नमुन्यात यांपैकी देवधर कदाचित बसले असते.

याहून मोठी गोष्ट ग्रंथांची. विष्णु नारायण भातखंडे व्यवसायाने वकील. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ चार भागांत मराठीत आली. ‘क्रमिक पुस्तकमालिका’ही मुळात मराठीच. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले, तेव्हा तेथील गायक-वादकांना नव्या स्वरलिपीच्या शिक्षणासाठी मुंबईस पाठविण्यात आले होते. घराण्यात मुरलेल्या त्या मंडळींना एका वकिलाने शिकविले आणि त्यांतून शाळेचे मास्तर तयार झाले! उत्तर हिंदुस्थानातील वर्गांत आज हाती दिसतात ती या ग्रंथांची हिंदी भाषांतरे. त्याबद्दल तक्रार नाही. भाषांतर होणे हा मूळ भाषेचा गौरवच आहे. पण मराठी शाळेतल्या शिक्षकाने स्वतःच्या भाषेतला मूळ ग्रंथ सोडून भाषांतराचे भाषांतर मुलांपुढे ठेवावे, याला काय म्हणावे?

संगीताची परिभाषा सगळ्या हिंदुस्थानची आहे. राग, ताल, सम, खाली हे शब्द बनारसेत काय आणि धारवाडात काय, सारखेच. शिकविण्याची भाषा मात्र क्रियापदांत असते. स्वर ‘लावायचा’, समेवर ‘यायचे’, चीज ‘घोटायची’, ती गळ्यावर ‘चढली’ की पुढे जायचे. ही क्रियापदे पुस्तकात मिळत नाहीत, ती शिक्षकाच्या तोंडून ऐकावी लागतात. ज्या शाळेत संगीताचा तास दुसऱ्या भाषेत होतो, तेथील मुलाला कदाचित राग येईल, पण त्याच्या मराठीतून हा सगळा व्यवहार निघून जाईल. माळव्यातील मराठी घरांपुढे हा धोका आज आहे, आमच्यापुढे उद्या असेल.

शिक्षकाची मातृभाषा कोणती, हे मात्र आम्ही विचारणार नाही. सुळेभावीच्या कानडी मुलाला मिरजेच्या गुरूने शिकविले आणि माळव्याच्या लोकगीतांनी त्याचे गाणे समृद्ध केले. त्यावर एका भाषेची मालकी सांगणे हास्यास्पद होईल. आमची मागणी लहान आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी शाळांत संगीतशिक्षकाची मुलाखत घेताना उमेदवाराला एक चीज गावयास सांगावी, आणि तीच सातवीच्या मुलांना मराठीत शिकवावयास लावावी. समितीत एक जाणकार गवई असावा. वीस मिनिटे पुरतील.